कार्बनला सिरॅमिकचे कवच : उच्च तापमानातील ज्वलनापासून कार्बन कंपोझिटचे संरक्षण

आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रात्रीचे जेवण उरकले की चुलीतले निखारे राखेत पुरून ठेवण्याची रीत होती. पहाटे राख बाजूला सारली की आत तांबूस निखारा सापडे आणि काडेपेटी न लागता चूल पेटत असे. एकदा विज्ञानाच्या गुरुजींनी आम्हांला विचारले, "उघडा निखारा तासाभरात जळून संपतो, मग राखेतला निखारा रात्रभर कसा टिकतो?" आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. गुरुजींनी सांगितले, "निखाऱ्याला संपवते ती उष्णता नव्हे, हवा. राखेने हवा अडवली, म्हणून निखारा वाचला."

शाळा सोडून आम्ही पिंपरी, भोसरी आणि चाकण येथील कारखान्यांत कामाला लागलो. तेथे भट्ट्यांच्या धगीत उभे राहिल्यावर त्या एका वाक्याचा खरा अर्थ कळला. आज रॉकेटच्या नोझलपासून चाकणच्या ॲल्युमिनियम भट्टीतील मुशीपर्यंत एकच प्रश्न अभियंत्यांपुढे असतो : तापलेल्या कार्बनला हवेपासून कसे वाचवावे? स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

कार्बन कंपोझिट म्हणजे काय?

दोन किंवा अधिक पदार्थ एकत्र आणून, प्रत्येकाचे गुण राखून, जो नवा पदार्थ घडवला जातो त्याला कंपोझिट म्हणतात. मातीच्या भिंतीत भुसा किंवा काड मिसळण्याची आपल्याकडील जुनी रीत ही याच कल्पनेची आहे. माती दाब सोसते, काड ताण सोसते.

कार्बन-कार्बन कंपोझिटमध्ये काडाच्या जागी कार्बनचे धागे असतात आणि मातीच्या जागीही कार्बनच असतो. हे धागे बहुधा पॉलिॲक्रिलोनायट्राइल या कृत्रिम तंतूपासून बनवतात. एका धाग्याची जाडी ५ ते ७ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी असते. धाग्यांचे कापड विणून ते फिनॉलिक राळेत किंवा डांबरासारख्या पिचमध्ये भिजवतात, हव्या त्या आकारात दाबतात आणि हवा नसलेल्या भट्टीत सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. राळेतील इतर घटक वायुरूपाने निघून जातात आणि कार्बन मागे उरतो. निघून गेलेल्या वायूंच्या जागी छिद्रे पडतात, म्हणून ही क्रिया पुन्हापुन्हा करावी लागते, किंवा मिथेनसारखा वायू आत सोडून त्यातील कार्बन छिद्रांच्या भिंतींवर बसवावा लागतो. एक भाग तयार व्हायला आठवडे, कधी महिनेही लागतात.

इतक्या कष्टांचे फळही तसेच मिळते. या पदार्थाची घनता पोलादाच्या सुमारे पावपट असते. पोलाद लालभडक झाले की मऊ पडते. जेट इंजिनातील उत्तमोत्तम निकेल मिश्रधातूही साधारण ११०० अंशांच्या आसपास आपली मर्यादा गाठतात. कार्बन-कार्बन मात्र २००० अंशांपलीकडेही आपली ताकद राखतो. तो वितळत नाही आणि एकदम थंड केला तरी सहसा फुटत नाही.

एवढ्या बलवानाची एकच उणीव

या सगळ्या वर्णनाला एक अट आहे : हवा नसावी. हवा असेल तर सुमारे ४०० ते ५०० अंशांपासूनच कार्बन ऑक्सिजनशी संयोग पावू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड व कार्बन डायऑक्साइड बनून उडून जातो. लोखंड गंजले तर गंज निदान जागेवर राहतो. कार्बनचा गंज वायुरूप असल्याने मागे काहीच उरत नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. ५०० ते ७०० अंशांच्या दरम्यान ही क्रिया सावकाश चालते, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. परंतु सावकाश चालत असल्यामुळेच ऑक्सिजनला छिद्रांतून खोलवर शिरायला सवड मिळते आणि धागा व भोवतालचा कार्बन यांची जोडणी आतून पोखरली जाते. वाळवी लागलेल्या वाशासारखी ही स्थिती होते. वजनात थोडीच घट दिसते, पण ताकद कितीतरी अधिक घटलेली असते. तापमान फार वाढले म्हणजे ज्वलन वेगाने होते खरे, पण ते बहुतांशी पृष्ठभागावर होते आणि डोळ्यांना दिसते.

सोडियम, पोटॅशियम यांसारख्या धातूंचे क्षार कार्बनवर पडले तर हे ज्वलन आणखी कमी तापमानाला सुरू होते. थंड देशांतील विमानतळांवर धावपट्टीवरचे बर्फ वितळवण्यासाठी पोटॅशियमचे क्षार वापरतात. ते विमानाच्या कार्बन ब्रेकवर उडून ब्रेकच्या चकत्या झिजू लागल्या, तेव्हा हा धोका विमान कंपन्यांना चांगलाच जाणवला. त्यावर उपाय म्हणून चकत्यांच्या न घासणाऱ्या भागांवर फॉस्फेटयुक्त लेप देतात.

सिरॅमिक कवच कसे राखण करते?

उपायाची कल्पना आपल्या घरातलीच आहे. पितळेच्या भांड्याला कल्हई करतात, लोणच्याच्या बरणीला आतबाहेर चकाकी असते. पदार्थ आणि त्याचा शत्रू यांच्यामध्ये एक पातळ थर उभा करायचा. कार्बनसाठी हा थर अर्थातच असा हवा, की जो स्वतः जळणार नाही, वितळणार नाही आणि ऑक्सिजनला वाट देणार नाही. हे गुण सिरॅमिकमध्ये आहेत.

सर्वांत अधिक वापरले जाणारे सिरॅमिक म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. धार लावण्याच्या चाकांतील कार्बोरंडम तेच. त्याचे वैशिष्ट्य असे, की तेही ऑक्सिजनशी संयोग पावते, परंतु त्यातून सिलिका, म्हणजे काचेच्या जातीचा घन पदार्थ तयार होतो. तो मूळ सिलिकॉन कार्बाइडच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि पृष्ठभागावर सलग पसरतो. या काचेतून ऑक्सिजन अतिशय मंद गतीने झिरपतो. पहिला हल्लाच असा पुढच्या हल्ल्याविरुद्धची भिंत बांधून देतो.

हा थर रंगासारखा वरून फासून भागत नाही. एका पद्धतीत कार्बनचा भाग सिलिकॉन, सिलिकॉन कार्बाइड आणि ॲल्युमिना यांच्या भुकटीत पुरून १६०० अंशांहून अधिक तापवतात. सिलिकॉन कार्बनच्या पृष्ठभागात शिरतो आणि खुद्द त्या कार्बनचेच सिलिकॉन कार्बाइडमध्ये रूपांतर होते. अशा थराची मुळे आतच असल्यामुळे तो सहजी सुटत नाही. दुसऱ्या पद्धतीत सिलिकॉन व कार्बन असलेली वाफ तापलेल्या भागावर सोडून त्यावर कणाकणाने थर वाढवतात.

तडा का जातो?

येथवर सारे सोपे वाटते. खरी अडचण पुढे आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती लालबुंद तापवतो. तापल्याने ती प्रसरण पावते, चाकावर सहज बसते आणि पाणी ओतल्यावर आकसून चाकाला घट्ट आवळते. आता कल्पना करा, की ही धाव लोखंडाची नसून चिनी मातीची आहे. आकसताना तिला ताण सोसवणार नाही आणि ती तडकेल.

सिरॅमिक लेपाचे नेमके असेच होते. १ मीटर लांबीची सिलिकॉन कार्बाइडची पट्टी १००० अंशांनी तापवली तर ती सुमारे ४ ते ५ मिलिमीटर वाढते. कार्बन-कार्बनची तेवढीच पट्टी धाग्यांच्या दिशेने जेमतेम १ मिलिमीटर वाढते. लेप तर मोठ्या उष्णतेत चढवलेला असतो. थंड होताना लेपाला अधिक आकसायचे असते, आतला कार्बन त्याला आकसू देत नाही, आणि ठिसूळ लेपाला बारीक तडे जातात. भाग पुन्हा तापला की लेप फुगून तडे मिटू लागतात, पण पूर्ण मिटायला लेप चढवतानाच्या तापमानाजवळ जावे लागते. म्हणजे ५०० अंशांना कार्बन जळायला लागला, आणि तडे मात्र १००० अंशांच्या पुढेही काही काळ उघडेच राहिले. मधला हा टप्पाच सर्वांत धोक्याचा.

त्यावर तीन प्रकारचे उपाय योजले जातात. पहिला, आतून बाहेर पायरीपायरीने बदलत जाणारा थर द्यायचा, म्हणजे प्रसरणातील फरक एकाच सांध्यावर येत नाही. दुसरा, लेपात किंवा त्याखाली बोरॉनयुक्त पदार्थ ठेवायचा. बोरॉनचे ऑक्साइड सुमारे ४५० अंशांना पातळ होते आणि मधासारखे वाहत जाऊन तडे बुजवते, म्हणजे नेमका धोक्याचा टप्पा सांभाळते. मात्र दमट हवेत ते ओल शोषते आणि १००० अंशांच्या पुढे त्याची वाफ होऊ लागते. तेथून पुढची राखण सिलिकाच्या काचेने करायची असते. तिसरा, छिद्रांत सिलिकायुक्त द्रव मुरवून वरून काचेचा पातळ हात द्यायचा.

सुमारे १७०० अंशांपलीकडे सिलिकाही मऊ पडते आणि उडू लागते. त्याहून अधिक उष्णतेसाठी झिर्कोनियम व हाफ्नियम यांची बोराइडे आणि कार्बाइडे वापरण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. झिर्कोनियम डायबोराइड सुमारे ३२०० अंशांना वितळते. त्यात सिलिकॉन कार्बाइड मिसळले, की वर झिर्कोनियाचा सांगाडा आणि त्याच्या फटींत काच असा दुहेरी थर तयार होतो.

पीएसएलव्हीचे नोझल

आपल्या देशातील ताजे आणि अभिमानास्पद उदाहरण भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे, म्हणजे इस्रोचे आहे. पीएसएलव्ही या प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्यातील इंजिनांना कोलंबियम, म्हणजेच नायोबियम मिश्रधातूचे नोझल असते. त्याच्या जागी तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने कार्बन-कार्बनचे नोझल तयार केले आणि त्यावर सिलिकॉन कार्बाइडचा ज्वलनरोधक लेप दिला. तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे १९ मार्च २०२४ रोजी त्याची ६० सेकंदांची आणि २ एप्रिल २०२४ रोजी २०० सेकंदांची चाचणी झाली. दुसऱ्या चाचणीत नोझलचे तापमान १२१६ केल्विनपर्यंत, म्हणजे सुमारे ९४३ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले आणि ते गणिताने काढलेल्या अंदाजाशी जुळले.

वाचकांनी हा ९४३ चा आकडा वर सांगितलेल्या धोक्याच्या टप्प्याशी ताडून पाहावा. लेप नसता तर या तापमानाला इंजिनातील ऑक्सिजनयुक्त उष्ण वायूंपुढे कार्बनचा निभाव लागणे कठीण होते. धातूच्या जागी कार्बन आल्याने नोझलच्या वजनात सुमारे ६७ टक्के घट होते आणि प्रक्षेपकाची उपग्रह वाहून नेण्याची क्षमता १५ किलो वाढते, असे इस्रोने जाहीर केले. अंतराळाच्या व्यवहारात १५ किलो म्हणजे एखादा लहान उपग्रहच.

या प्रक्षेपकाशी आपल्या पुणे जिल्ह्याचेही नाते आहे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांची मोटर केसिंग्ज घडली आहेत. अंतराळ दूर असले तरी त्याकडे जाणारी वाट आपल्या शिवारातून गेली आहे.

कोलंबियाची शिकवण

कवचाला इजा झाली तर काय होते, हे जगाने १ फेब्रुवारी २००३ रोजी पाहिले. कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांना परत आणणारे कोलंबिया यान वातावरणात शिरताना नष्ट झाले. यानाच्या नाकाला आणि पंखांच्या पुढच्या कडांना सिलिकॉन कार्बाइडचा लेप दिलेले कार्बन-कार्बनचे कवच होते. १६ जानेवारीला उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरील फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला आणि आठव्या पॅनेलला भगदाड पडले. परतताना त्यातून तप्त वायू आत शिरले आणि ॲल्युमिनियमचा पंख वितळला. हा अपघात ज्वलनाचा नव्हे, आघाताचा होता. परंतु कवच शाबूत असण्यावर आतले सारे अवलंबून असते, हे त्याने दाखवून दिले.

त्याच यानांची दुसरी एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. १९९० च्या दशकात या पॅनेलांच्या लेपावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आढळू लागली. शोध घेता कळले, की प्रक्षेपण मनोऱ्याच्या रंगातील जस्त पावसाच्या पाण्याबरोबर पंखांवर उतरत होते आणि तापल्यावर लेपावरच्या संरक्षक काचेलाच खात होते. हजारो अंशांशी झुंजणाऱ्या कवचाला मनोऱ्यावरून ठिबकलेल्या पाण्याने छिद्र पाडले.

चाकणच्या भट्टीवर

आता आमच्या रोजच्या कामातले उदाहरण. चाकण आणि भोसरी भागात गाड्यांचे ॲल्युमिनियमचे भाग ओतणारी अनेक लहानमोठी युनिटे आहेत. सुमारे ७०० ते ७५० अंशांच्या वितळलेल्या ॲल्युमिनियममधून हायड्रोजन काढून टाकण्यासाठी त्यात ग्रॅफाइटचा रोटर फिरवून नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडतात. या रोटरची शाफ्ट खाली धातूत बुडालेली आणि वर हवेत असते. धातूत बुडालेल्या भागाला हवा लागत नाही. पार वरचा भाग पुरेसा तापत नाही. जेथे धातूची पातळी आणि हवा भेटतात त्या रेषेवर मात्र उष्णताही असते आणि ऑक्सिजनही.

काही वर्षांपूर्वी एका युनिटात रात्रपाळीला अशी शाफ्ट मोडली. आपल्याच शाळेतून शिकून आयटीआय केलेला एक मुलगा तेथे नुकताच हेल्पर म्हणून लागला होता. त्याने शाफ्ट उतरवताना भट्टीच्या काठावर आपटली असे ठरले आणि नुकसान त्याच्या पगारातून कापण्याचे बोलणे सुरू झाले. त्याने आम्हांला फोन केला. आम्ही परवानगी घेऊन दोन्ही तुकडे पाहिले. मोड नेमकी धातूच्या रेषेवर होती आणि तेथे शाफ्ट कमरेसारखी बारीक झाली होती. व्हर्नियरने मोजले तर व्यास मूळच्या दोन-तृतीयांशाहून थोडा कमी भरला. गोल दांड्याची वाकण्याला विरोध करण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. दोन-तृतीयांशाचा घन केला तर आठ-सत्तावीसांश, म्हणजे तीस टक्क्यांहूनही कमी ताकद उरते. ती शाफ्ट त्या रात्री नसती तर दुसऱ्या कोणाच्या हातात मोडली असती. हे गणित कागदावर मांडून दाखवल्यावर पगारकपात रद्द झाली. पुढे तेथे दर पाळीला कमरेचा व्यास मोजून वहीत लिहिण्याची पद्धत सुरू झाली आणि त्या रेषेवर सिरॅमिक लेप दिलेल्या शाफ्ट मागवल्या जाऊ लागल्या.

मुशीचेही तसेच आहे. ग्रॅफाइट किंवा सिलिकॉन कार्बाइडच्या मुशीवर काचेसारखा झिलईचा थर असतो. भट्टी ४०० ते ६०० अंशांवर उगाच रेंगाळत ठेवली तर झिलई अजून वितळून पसरलेली नसते, आणि आतला कार्बन मात्र जळू लागलेला असतो. म्हणून मूस आधी पूर्ण कोरडी करावी आणि मग उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे हा टप्पा न रेंगाळता ओलांडावा. मूस जमिनीवर घरंगळत नेऊ नये, त्याने झिलई खरवडते. पावसाळ्यात ती ओल्या फरशीवर ठेवू नये. चाळीस वर्षे भट्टीवर काढलेले आमचे कामगार बांधव हे नियम पाळत आले आहेत. त्यामागचे कारण तेवढे वर सांगितले.

विद्यार्थी आणि पालकांसाठी

पालक आम्हांला विचारतात, "मुलाला कोणत्या शाखेला घालावे? कारखान्यात पुढे काम राहील का?" उद्याचे आम्ही सांगू शकत नाही. एवढे मात्र अनुभवाने सांगतो, की यंत्रे बदलली तरी पदार्थ, उष्णता आणि हवा यांचे नाते बदलत नाही. ज्याला ते नाते कळते त्याला नवे यंत्र परके वाटत नाही. धातुशास्त्र आणि पदार्थविज्ञान या शाखांकडे आपल्या समाजातील मुले-मुली कमी वळतात, कारण त्यांची नावे घरात ऐकलेली नसतात. पुण्याच्या पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात ही शाखा आहे, मुंबईच्या आयआयटीतही आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा करून भट्टीवर उभ्या राहिलेल्या मुलालाही हे शास्त्र वर्ज्य नाही. त्याच्या हाताशी जो अनुभव आहे तो प्रयोगशाळेत सहजी मिळत नाही.

त्या रात्रपाळीच्या मुलाकडे त्या दिवशी पदवी नव्हती आणि ओळखही नव्हती. मोडलेला तुकडा होता आणि तो वाचता येण्यापुरते शिक्षण होते. त्याची चूक नव्हती हे सिद्ध करायला एक व्हर्नियर, एक घन आणि राखेतल्या निखाऱ्याची आठवण पुरेशी झाली. आज तोच मुलगा नव्या हेल्परांना पहिल्या दिवशी शाफ्टची कंबर मोजायला शिकवतो.